वारं नव्हतं ते

आधीच सांगते, माझं तोंड फटकळ आहे. सुरतेतल्या नवागामात आमच्या गल्लीत मला लवंगी मिरची म्हणतात, म्हणू देत. तोंड चालवलं म्हणून तर माझ्या भावाला डॉक्टरपर्यंत नेता आलं. नाहीतर माझं माहेर म्हणजे गप्प बसण्यात एकाहून एक पटाईत. आबा गप्प, आई गप्प, आणि धर्मेंद्र दिवाळीपासून असा गप्प झाला की त्याच्या घशात आवाज उरलाय की नाही हे बघायला मी मुद्दाम त्याच्याशी भांडण उकरून काढायचे.

धर्मेंद्र माझा धाकटा भाऊ. मला तो आक्का म्हणतो. मला दिली ती शेजारच्याच गल्लीत, त्यामुळे माहेर आणि सासर यांच्यात एक पाण्याची टाकी आणि एक किराणा दुकान एवढंच काय ते अंतर. आबा म्हणजे आमचे वडील, सुकदेव. अंमळनेरकडून सुरतेला आले तेव्हापासून एकच काम करतात, सांधणीचं. लूमवर नवीन बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, चढवली की तिच्यावरची हजारो तारं जुन्या ताण्याच्या तारांना एकेक करून जोडायची असतात. बोटाला राख लावायची, दोन तारं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, पुढची घ्यायची. पांडेसऱ्याच्या कारखान्यात आबा बुटक्या पाटावर बसले की डोळे मिटल्यासारखे दिसतात आणि बोटं नुसती पळत असतात. धर्मेंद्रलाही त्यांनीच शिकवलं. त्याची बोटं आबांपेक्षा बारीक आणि चपळ होती. बाहेर कुणाजवळ कौतुक करायचं नाही असा आबांचा स्वभाव, पण घरी जेवताना ते त्याच्या हाताकडे बघत बसायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

मग ती पावडर आली. एमडी म्हणतात तिला. कडोदऱ्याला त्याचे दोस्त खोली घेऊन राहायचे, तिथे पहिल्यांदा घेतली त्याने, नवरात्रीत, गरब्याला जायच्या आधी. मजा म्हणून. रात्रभर नाचलो आक्का, पाय दुखलेच नाहीत, असं मला नंतर सांगितलं त्याने. मग शनिवार-रविवार. मग डुमसच्या किनाऱ्यावर, मग कुणाच्या वाढदिवसाला. आठ-नऊ महिने आम्हाला पत्ता नाही. तो वाळला, रात्री जागा राहायला लागला, जबडा सारखा चावत बसायचा. आईला वाटलं, कामाचा ताण आहे. माझी भोळी आई! तिने त्याला तुपातला शिरा करून घातला.

आबांना कळलं तेव्हा त्यांनी हात उगारला नाही. समोर बसवलं आणि विचारलं. धर्मेंद्रने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, सोडली म्हणून. पंधरवड्यात त्याच्या पँटच्या खिशात पुडी सापडली. पुन्हा शपथ, पुन्हा आईचंच डोकं, आणि पुन्हा पुडी. त्यानंतर आबा त्याच्याशी बोलायचेच बंद झाले. ताट वाढलं की तो उठेपर्यंत आबा बाहेर जाऊन बसत. एका खोलीच्या घरात बाप लेकाला टाळतो म्हणजे काय, ते बघितल्याशिवाय कळणार नाही तुम्हाला.

आणि मग दिवाळीत धर्मेंद्रने खरोखर सोडली. त्या दोस्तांपैकी एकजण मेला. नाव नाही घेत मी, त्याची आई आमच्या बाजारात भाजी घ्यायला येते. धर्मेंद्र त्याला खांदा देऊन आला, माझ्या घरी आला, माझ्या मोरीत बसून आंघोळ केली आणि म्हणाला, आक्का, संपलं. मी म्हटलं, मेल्या, मला शपथ घालू नकोस. तो म्हणाला, नाही घालत. आणि नाही घातली. तेव्हापासून आजपर्यंत त्याने त्या वस्तूला हात लावलेला नाही. मी हे कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन, कारण चार महिने मी त्याला माझ्याच घरी झोपवलं होतं, दाराला आडवी पडून.

पण अंग ऐकेना.

सोडल्यावर माणूस बरा होतो असंच आपल्याला वाटतं ना? मलाही वाटलं. तो जेवायला लागला, झोपायला लागला, गालावर मांस आलं. आणि तेव्हाच हे सुरू झालं. पोटरीचं मांस आपोआप उडायचं. चादरीखाली उंदीर पळावा तसं, अगदी दिसायचं डोळ्यांना. डावी पापणी फडफडायची. झोप लागता लागता पाय असा झटका मारायचा की तो स्वतःच दचकून उठायचा. तळपायांची आग, बोटांना मुंग्या. आणि हात. चहाचा कप धरला की बशीवर कडकड कडकड वाजायचा. चिमटीत जोर नाही. पांडेसऱ्याला कामावर गेला तर अर्ध्या तासात दहा तारं तोडली. शेठ भला माणूस, ओरडला नाही, म्हणाला, "भाई, हमणां घेर बेस, पछी जोईशुं." म्हणजे आत्ता घरी बस, पुढचं पुढे बघू.

मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्याने त्यांना सगळं खरं सांगितलं, किती घेतली, कशी घेतली, काही लपवलं नाही. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, सुया टोचून करंट देऊन बघितला, लघवीही तपासली. मग मला आत बोलावून म्हणाल्या, "दीदी, नशा अंगातून कधीच गेलीय. पण नसा दुखावल्यात. त्यांना वेळ लागतो, महिने लागतात, एखाद्याला वर्षंसुद्धा. सगळं भरून येईल असं मी आज सांगू शकत नाही." गोळ्या दिल्या, व्यायाम दिला.

मी ते सगळं आबांना जसंच्या तसं सांगितलं. रिपोर्ट त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, "जयसरी, कागद तू ठेव. मी मानूस हातवरथीन ओयखस." मी हातावरून माणूस ओळखतो. आयुष्यभर त्यांनी तेच केलं ना! कारखान्यात नवीन पोरगा आला की आबा त्याचं नाव-गाव विचारत नाहीत, त्याला म्हणतात, दोन तारं जोडून दाखव. रात्री दारू प्यायलेला, घरी भांडून आलेला, तापात आलेला, सगळे त्यांना बोटांवरून कळतात. आणि ते कधी चुकलेले नाहीत. माझ्या लग्नाच्या वेळीही त्यांनी माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन बघितला होता, ज्योतिषाने बघावा तसा. आता आपल्या पोराचा हात थरथरतोय म्हणजे पोरगा अजून घेतोय. त्यांच्यासाठी विषय संपला.

"आबा, सोडी दिन्ही मी, खरंच सांगस," धर्मेंद्र एकदा म्हणाला. माझ्यादेखत.

"मायनी शप्पथ बी खरीच व्हती ना?" आबा म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले. धर्मेंद्रने पुन्हा तोंड उघडलं नाही. त्याला नोकरीचं, लग्नाचं, कशाचंच पडलं नव्हतं. आबांनी एकदा म्हणावं, मानलं बेटा. एवढंच हवं होतं त्याला.

श्रावण आला तशी कानबाईची तयारी सुरू झाली. आम्हा खानदेशवाल्यांना सुरतेत दिवाळी एक वेळ नसली तरी चालेल, पण कानबाई पाहिजेच. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी जाते. कलशावर नारळ, त्याला डोळे, नथ, मणी-मंगळसूत्र, असा थाट की नवी नवरी झक मारेल. आणि तिचे रोट. रोटांसाठी गहू घ्यायचा तर आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची. म्हातारा असो, तान्हा असो. जो आहे त्याची मूठ पडते. गेलेल्याची पडत नाही.

आदल्या दिवशी दुपारी आमच्या घरी सगळे जमले. आबा थोरले, म्हणून मूठ त्यांच्या हाताने. समोर गव्हाचं पोतं, बाजूला नवं सूप. एकेकाचं नाव घ्यायचे आणि मूठ सुपात सोडायचे. रघुनाथकाकांची पडली, त्यांच्या योगराजची पडली. योगराजला मागच्या महिन्यात मुलगा झाला, त्याचं अजून बारसंही नाही, "योगराजना बाळ" म्हणून त्याचीसुद्धा पडली. आणि आबांनी सूप हलवून गहू सारखा केला.

आतून आईचा आवाज आला, "आनि धर्मेंद्रनी?"

धर्मेंद्र दाराला टेकून उभा होता. मग त्याच्याकडे न बघता आबा म्हणाले, "त्याले म्हना, सोताना हातथीन टाक."

मला वाटलं, चला, विरघळला म्हातारा. अहो, कुठलं काय! परीक्षा होती ती. धर्मेंद्र आला, खाली बसला, पोत्यात हात घातला, मूठ भरली. सगळे बघताहेत, म्हटल्यावर हाताला जास्तच कंप सुटला. अंगठा आपला आपला उडायला लागला. मूठ सुपापर्यंत पोचेपर्यंत अर्धे गहू फरशीवर टपटपले. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दुसराही थरथरत होता. आबा त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. नुसते हाताकडे. मग हळूच म्हणाले, "राहू दे." आणि सूप उचलून देवापाशी नेऊन ठेवलं.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी सगळ्यांसमोर बोलले. "आबा, पोरगा समोर जिवंत बसलाय आणि तुम्ही त्याची मूठ टाळता? लकवा झालेल्या माणसाला म्हणाल का, आधी चालून दाखव मग मानतो?" रघुनाथकाका मला दटावायला लागले, माहेरी येऊन बापाला उलट बोलते म्हणून. मी त्यांनाही सोडलं नाही. धर्मेंद्र मात्र खाली वाकून एकेक गहू वेचत होता. बोटात धरायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा. आई पदराने डोळे पुसत आली आणि त्याच्या बरोबर वेचायला बसली.

रविवारी कानबाई बसली. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं रीतीप्रमाणे. धर्मेंद्र पाणी वाढायला उभा राहिला नाही, जग सांडेल म्हणून. बाहेर चपला नीट लावत बसला.

आणि सोमवार उजाडला.

सोमवारी कानबाईला आईने डोक्यावर घेतलं. यंदा मान आमच्या घराचा होता. एकदा डोक्यावर घेतली की नदीपर्यंत तिला मध्ये कुठे खाली ठेवायचं नाही, आणि घेतलेल्या बाईने वाकायचं नाही, ही आमच्यातली रीत. मोठ्या रस्त्यावर टेम्पो उभा होता, तिथून तापीवर जायचं. पण तिथपर्यंत आमची सगळी गल्ली नाचत जाते. पुढे बँजो, मागे बायकांच्या फुगड्या, गुलाल. ऊन असं पडलं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. मी धर्मेंद्रला म्हटलं होतं, तू घरीच थांब. तो म्हणाला, आईच्या डोक्यावर आहे आक्का, मी मागे कसा राहू? तो आईच्या बाजूने चालत होता, तिला घाम आला की रुमालाने पुसत होता. तिचे दोन्ही हात वर, कलशाला.

किराणा दुकानापाशी चौकात सगळे थांबले. बँजोवाला रंगात आला होता, पुढे सरकेना. तासभर झाला असेल आम्हाला उन्हात. मी बघितलं तर धर्मेंद्रचा चेहरा पांढराफटक. मांडी उडायला लागली होती, पँटवरून दिसत होती. मग गुडघा. मग दोन्ही पाय असे लटलटायला लागले की त्याने विजेच्या खांबाला हात घातला. हात थरथरतोय, मान थरथरतेय, पापणी फडफडतेय. मी गर्दीतून त्याच्याकडे जायला लागले, तेवढ्यात कलाकाकू ओरडली.

कलाकाकू म्हणजे रघुनाथकाकांची बायको. तिच्या स्वतःच्या अंगात दरवर्षी येतं, त्यामुळे अंगात आलेलं ओळखायचा मक्ता तिच्याकडे. "वारं उनं! पोऱ्याना आंगमा वारं उनं वं माय!" ती किंचाळली. "सरका, सरका, देवी खेये ऱ्हायनी!"

झालं! बँजोवाल्याने ताल बदलला, ढाणढाण ढाणढाण. बायकांनी कडं केलं. कुणी त्याच्या कपाळाला हळद-कुंकू फासलं, कुणी गळ्यात हार घातला, कुणी पायांवर पाण्याचा तांब्या ओतून कुंकू वाहिलं. तो खांबाला धरून उभा, तोंडातून शब्द फुटेना. जबडाही आवळून गेला होता त्याचा. मी ओरडत होते, "अगं बायांनो, आजार आहे त्याला, पाणी पाजा, सावलीत घ्या!" पण ऐकतंय कोण? मला दोघींनी धरून मागे ओढलं, देवीच्या आड येऊ नको म्हणून. एक बाई पाया पडून विचारते, माय, माझ्या सुनेची कूस कधी उजवेल? दुसरी विचारते, पोराचं लग्न याच वर्षी होईल ना? एरवी ह्याच बाया त्याला बघून पोरींना घरात घ्यायच्या, बरं का.

आणि मग गर्दी आपोआप फाटली. आबा येत होते.

टोपी काढून हातात घेतली होती. गुलालाने पांढऱ्या मिशा लाल झालेल्या. दिवाळीच्या आधीपासून त्यांनी त्याच्या वाऱ्यालाही उभं राहणं टाळलं होतं. ते आले आणि भर चौकात, तापलेल्या डांबरावर, त्याच्या पायावर पडले. दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरले, कपाळ टेकवलं.

बँजो थांबला.

"माय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, लहान पोराचा असतो तसा. "माले काही नको. कारखाना नको, घर नको. मना पोऱ्या त्या पावडरमाईन सुटना का, इतलंच सांग. तू सांगशी तं मी मानसू. मना पोऱ्या माले परत दे, माय."

हा माणूस रोज रात्री ह्याच एका गोष्टीसाठी जळत होता आणि आम्हाला वाटायचं, दगड आहे.

धर्मेंद्रने खाली बघितलं. मग मान वर करून गर्दीत माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं एकाच ताटात जेवून मोठे झालोत, डोळ्यांनी बोलता येतं आम्हाला. मी मान हलवली. हो म्हण, म्हटलं. अरे, देवी हो आणि सांग, सुटला तुझा पोरगा म्हणून. खोटं काय त्यात? सुटलायसच की! तूच सांगायचं आणि तेच खरं, फक्त नाव तिचं. आबा उठून तुला छातीशी धरतील, सगळा गाव मानेल, एका शब्दाचं काम आहे. मी डोळ्यांनी जीव तोडून सांगत होते, आणि आजही मला वाटतं, म्हणायला हवं होतं त्याने.

त्याचे ओठ हलले. कलाकाकू पुढे सरसावली, "बोल माय, बोल!"

"आबा," तो म्हणाला.

कुणालाच कळलं नाही क्षणभर. देवी कुठे आबा म्हणते?

"आबा, मी शे. धर्मेंद्र." दात आवळलेले, शब्द तुटत तुटत येत होते. "कोनी देवी नही. वारं नही. हाई नसनं दुखनं शे. मी सोडी दिन्ही आबा, दिवाईलेच सोडी. पहिले दोनदाव खोटं बोलनू, आते नही बोलाव. देवीनं नाव लिसन बी नही."

चौकात दुकानातल्या फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. कलाकाकूने तोंडावर पदर धरला. कुणीतरी पुटपुटलं, पावडर घेऊन देवीसमोर आला वाटतं. मला त्या बोलणाऱ्याची मान मुरगळावीशी वाटली.

आबांनी डोकं वर केलं. हात अजून पायांवरच होते.

"देवी नही?"

"नही आबा. मीच शे. तुमना पोऱ्या. आठेच शे मी." इथेच आहे, म्हणत होता तो.

आबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. किती दिवसांनी बघितलं असेल त्यांनी त्याचं तोंड! मी मनात म्हणत होते, आता मानतील, आता मानतील. मानायलाच हवं ना? एवढ्या लोकांत, कुंकू फासलेला, हार घातलेला पोरगा, हो म्हटलं असतं तर डोक्यावर घेऊन नाचले असते, तो नाही म्हणतोय. यापेक्षा खरं अजून काय असतं? मग आबांची नजर खाली आली. खांबाला धरलेल्या हातावर. तो हात थरथरतच होता.

त्यांनी पाय सोडले. गुडघ्यावर हात टेकून उठले. टोपी झटकली, डोक्यावर घातली.

"देवीनी सांगं अस्तं, तं मानी लेतू मी," ते म्हणाले. रागाने नाही हो. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. थकून म्हणाले, जसं काही त्यांचंच चुकलं, मागायला आले त्या दारात कुणी नव्हतंच.

बँजोवाल्याला कुणीतरी खूण केली. सगळे पुढे सरकायला लागले. आई तिथेच होती. डोक्यावर कानबाई, हात वर, डोळ्यांतून धारा गालांवरून गळ्यात उतरताहेत आणि पुसायला हात मोकळा नाही. पोरगा चार हातांवर आणि तिला वाकता येत नाही, डोक्यावरचं ठेवता येत नाही. मागून बाया ढकलतात, चल मंगलाबाई, चल, देवीला ताटकळवू नये. ती मान न वळवता, तिरप्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत बघत गेली. आबा तिच्या बाजूने गेले. ज्या रुमालाने धर्मेंद्र तिचा घाम पुसत होता, तो खाली पडलेला त्यांनी उचलला आणि ते तिचे डोळे पुसायला लागले. धर्मेंद्रकडे त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मी नाही गेले. गेली नदीवर ज्यांना जायचं होतं ती. चौक रिकामा झाला. दुकानाच्या पायरीवर सावली होती, तिथे मी त्याला खांद्याचा आधार देऊन आणून बसवलं. हार काढला. पाणी पाजलं, अर्धं हनुवटीवरून सांडलं. पदर ओला करून कपाळावरचं कुंकू पुसायला लागले तर ते निघण्याऐवजी पसरतच गेलं. मी रडतही होते आणि त्याला शिव्याही देत होते. "मूर्खा, गाढवा, एक हो म्हणायला काय जात होतं रे तुझं? हरिश्चंद्र कुठला! आयुष्यभर खोटं बोललास आणि आज नेमकं तुला खरं सुचलं?"

त्याची लटलट हळूहळू कमी होत होती. तो नुसता आपल्या पायांकडे बघत बसला होता. पावलांवर ओलं कुंकू होतं आणि त्यात आबांच्या बोटांचे ठसे उमटले होते, स्पष्ट, पाचही बोटं, दोन्ही पावलांवर.

"आक्का," तो म्हणाला, "तुला एक सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनाही नाही. आईच्या कानावर जाईल म्हणून."

"काय?"

"गेल्या महिन्यापासून घोट्याखाली काही कळत नाही मला. आग व्हायची ना, ती पण गेली. मी म्हटलं, बरं झालं, आग गेली."

मी पदर घेऊन तशीच थांबले.

"आबा पाया पडले, ते मला दिसलं," तो म्हणाला. "पण लागलं नाही काही. किती दिवसांनी हात लावला त्यांनी." मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "घट्ट धरले होते का गं?"

"घट्ट," मी म्हटलं. "खूप घट्ट धरले होते रे."